सोलर की बचत? : एका सोसायटीतलं मतदान आणि पंपाची वही

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ आमची सोसायटी आहे. दोन विंग, ३२ फ्लॅट, प्रत्येक विंगला एक लिफ्ट, आवारात एक बोअर. मी तिचा सेक्रेटरी, म्हणजे रविवारी सकाळी ज्याच्या दाराची बेल हमखास वाजते तो. पोटापाण्याला अंबडच्या एमआयडीसीत मेंटेनन्स बघतो. मोटर, स्टार्टर, मीटर यांच्याशी रोजचा संबंध. हे मुद्दाम सांगतोय, कारण या प्रकरणातली पहिली चूक माझीच आहे आणि माझ्या धंद्यातल्या माणसाने ती करायला नको होती.

सुरुवात कॉमन मीटरच्या बिलावरून झाली. जिन्यातले दिवे, लिफ्ट, बोअरची मोटर, पिण्याच्या पाण्याचा छोटा पंप, गेटवरचे कॅमेरे हे सगळं एकाच मीटरवर. महिन्याला साधारण १,३५० युनिट पडत होती. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात. म्हणजे आमची निम्म्याहून जास्त वीज सगळ्यात महागड्या टप्प्यात जात होती. वर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क. मेंटेनन्स वाढवायचा विषय काढला की सभेत कुरबुर होते, आणि बिल तर कमी व्हायचं नाव घेत नव्हतं.

त्यातच समोरच्या रो-हाऊसवाल्यांनी छतावर पॅनेल बसवली. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तेव्हापासून घरगुती ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. ‘त्यांचं बिल बघा, आणि आपलं बघा’ असं चौथ्या मजल्यावरचे काका मला लिफ्टमध्ये तीनदा म्हणाले. चौथ्यांदा म्हणण्याआधी मी विशेष सभा बोलावली.

सभेआधी लोकांचा कल कळावा म्हणून ग्रुपवर प्रश्न टाकला : ‘वीज बिल कमी करण्यासाठी आपण काय करावं? १) गच्चीवर सोलर, २) वीजबचत.’ २७ घरांनी उत्तर दिलं. सोलरला २१, बचतीला ४, आणि दोघांनी लिहिलं, ‘दोन्ही का नाही?’ त्या दोघांकडे मी दुर्लक्ष केलं. आकडा स्वच्छ हवा होता ना!

हीच ती चूक.

काय झालं ते नीट बघा. ‘सोलर’ म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यापुढे चकाकणारी निळी पॅनेल आली, कमी झालेलं बिल आलं, आणि ‘आमच्या सोसायटीत सोलर आहे’ हे वाक्य आलं. फ्लॅट विकताना ते कामी येतं, हेही काहींनी उघड बोलून दाखवलं. ‘वीजबचत’ म्हटल्यावर काय आलं? जिना चढताना चाचपडणारी म्हातारी माणसं, लिफ्ट बंद ठेवण्याची सक्ती, सेक्रेटरीच्या सूचना. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी स्पष्टच म्हणाल्या, ‘भाऊ, आम्ही पैसे भरू, पण कोणी सारखं दिवे बंद करा म्हणून सांगायला नको.’ एका पर्यायात खर्च होता आणि दुसऱ्यात उपदेश. आमच्याकडे लोक उपदेशापेक्षा खर्च पत्करतात, हे गणपतीच्या वर्गणीवरून मला आधीच ठाऊक असायला हवं होतं.

शिवाय पारड्यात काय ठेवलंय यावर कौल फिरतो. अमेरिकेत गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था वर्षानुवर्षं असाच एक प्रश्न विचारत आली आहे : तेल, वायू, कोळसा यांचं उत्पादन वाढवावं की लोकांनी वापरात काटकसर करावी? तिथे बहुतेक वेळा काटकसरीचं पारडं जड राहिलेलं दिसतं. पण त्या प्रश्नात काटकसरीच्या समोर कोळसा आणि तेल आहे. माझ्या प्रश्नात तिच्या समोर सूर्य होता. सूर्यासमोर कोण उभं राहणार? आता माझ्या प्रश्नात ‘सोलर’च्या जागी ‘डिझेल जनरेटर’ लिहिलं असतं, तर हीच २१ घरं बचतीच्या बाजूला गेली असती याची मला खात्री आहे. माणसं तीच, गच्ची तीच, मत मात्र उलटं.

सभा झाली. सोलरच्या वेंडरने प्रोजेक्टर लावून दाखवलं की रोजची ४५ युनिट भागवायला १२ किलोवॅट लागतील. खर्च साडेसहा लाखांच्या घरात, त्यातून अनुदान २,१६,००० रुपये. गणित बरोबर होतं. आपल्याकडे एक किलोवॅटचं पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. जागा किलोवॅटला शंभरेक चौरस फूट. ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं, आणि मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या सिंकिंग फंडाला हात लावायचा की घरटी वर्गणी काढायची यावर गाडी अडली. बी विंगमधल्या एका निवृत्त शिक्षकांनी तेवढ्यात विचारलं, ‘४५ युनिट जातात कुठे, ते कोणी पाहिलंय का?’

कोणी पाहिलं नव्हतं. मीही नाही. कंपनीत दर मोटरचा करंट लिहून ठेवणारा मी, घरच्या बोअरच्या पॅनेलला वर्षानुवर्षं हात लावला नव्हता.

त्याच सभेत मी सगळ्यांना विचारलं, सगळ्यात जास्त वीज कशाला लागत असेल? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एक : लिफ्ट. ती दिसते, हलते, आवाज करते, आणि बंद पडली की आठवण राहते. यात आमच्या लोकांचा दोष नाही. २०१० मध्ये संशोधक शाहझीन अत्तारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ५०५ जणांना विचारून एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. कोणत्या उपकरणाला किती वीज लागते आणि काय केल्याने किती वाचते, याचा लोकांचा अंदाज सरासरी २.८ पटींनी कमी निघाला. ‘वीज वाचवायला सगळ्यात परिणामकारक काय?’ याला बहुतेकांनी ‘दिवे बंद करणं’ यासारखी उत्तरं दिली. चांगलं उपकरण बसवणं फार थोड्यांना सुचलं. आमच्या वहिनींना बचत म्हणजे दिवे बंद करणंच वाटलं, ते उगाच नाही.

पुढच्या रविवारी तारेतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन बसलो. लिफ्टला केबिनच्या उलट बाजूने वजन लटकवलेलं असतं, त्यामुळे मोटरला पूर्ण भार उचलावा लागत नाही. दोन्ही लिफ्ट, पिण्याचा पंप, कॅमेरे, गेट असं सगळं मिळून दिवसाला साडेसात युनिटच्या वर जात नव्हतं. जिन्यात आणि पार्किंगमध्ये चोकवाल्या २४ जुन्या ट्यूब होत्या. ट्यूब ४० वॅटची, चोकसकट पन्नासच्या वर, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. १५ युनिट तिथे गेली. उरलेली साडेबावीस बोअरची सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारी मोटर, खात होती. ५ एचपीची, साडेसात अँपिअर घेणारी, तीनशे फुटांवरून थेट गच्चीवरच्या टाकीत पाणी टाकणारी. तासाला साडेचार युनिट. म्हणजे ती रोज पाच तास चालत होती.

पाच तास? ती मोटर तासाला सहा हजार लिटरच्या आसपास पाणी देते. पाच तासांत तीस हजार. ३२ घरांत मिळून सव्वाशे माणसं. माणशी १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा रूढ हिशोब धरला तरी सतरा हजारांत भागायला हवं, आणि त्यातलं पिण्याचं पाणी तर पालिकेच्या नळाचं. मग बाकीचं कुठे जातंय?

याचं उत्तर वॉचमन मामांकडे होतं. सोसायटीत राहून मोटर चालवणारा माणूस तोच, आणि सभेला बोलवलं नव्हतं तेही त्यालाच. मी विचारलं तसं त्याने सरळ सांगितलं, ‘साहेब, पाणी गेलं की मला पाच फोन येतात. टाकी वाहिली तर एकही येत नाही.’ टाकी भरली की मोटर बंद करणारा गच्चीवरचा लेव्हल कंट्रोलर कधीतरी बिघडला होता. कोणीतरी त्याची वायर थेट जोडून टाकली होती. त्यानंतर मोटर पहाटे चार वाजता चालू व्हायची आणि मामा दूध, पेपर, गाड्या धुणं उरकून आले की बंद व्हायची. मागच्या बाजूला ओव्हरफ्लोचा पाइप नाल्याकडे सोडलेला. तिथे कोणाची खिडकी नाही. त्यात सहा-सात घरांचे फ्लश टँक अखंड गळत होते, हे नंतर प्लंबरने दाखवलं. रोज एका मोठ्या टँकरएवढं पाणी आम्ही तीनशे फुटांवरून वर चढवत होतो आणि नाल्यात सोडत होतो. उन्हाळ्यात बोअर आटलं की त्याच पाण्यासाठी टँकरवाल्याला फोन करणारे आम्हीच.

मामांच्या त्या एका वाक्यावर मी बराच विचार केला. वीज कमी पडली की ओरड होते, वाया गेली की होत नाही. हे एका सोसायटीपुरतं नाही. आमच्या जिल्ह्यातच दोन दाखले आहेत. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात १४० मेगावॅटचे दोन जुने संच बंद झाले, आता २१० चे तीन, म्हणजे ६३० मेगावॅट. तिथे ६६० मेगावॅटचा नवा संच हवा ही मागणी वर्षानुवर्षं होत आली आहे. तिच्यामागे कामगार आहेत, ठेकेदार आहेत, आजूबाजूची गावं आहेत, सगळ्या पक्षांचे पुढारी आहेत. मागणी चूक म्हणत नाही मी, रोजगार हा खराच प्रश्न आहे. पण त्याच जिल्ह्यात सिन्नरजवळ २७० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे १,३५० मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला आणि वीज खरेदीचा करार नाही म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिला. त्याच्या चिमण्या बघत कित्येकदा शिर्डीला गेलोय. निर्मिती वाढवा म्हणणारा मोर्चा निघतो. गळका फ्लश दुरुस्त करा म्हणून मोर्चा काढलेला कोणी पाहिला आहे? बचतीला भूमिपूजन नसतं, फीत कापायला जागा नसते. ‘वीज बचत हीच वीजनिर्मिती’ ही पाटी तेवढी सगळीकडे असते, बहुतेक वेळा भरदिवसा चालू असलेल्या दिव्याखाली.

अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी दोन्ही गोष्टी करून पाहिल्या होत्या. फेब्रुवारी १९७७ मध्ये ते स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि घरातली हीटिंग कमी ठेवा म्हणाले. जून १९७९ मध्ये त्यांनीच व्हाइट हाऊसच्या छतावर पाणी तापवणारी ३२ सौर पॅनेल बसवली. १९८६ पर्यंत, त्यांच्यानंतरचे अध्यक्ष रेगन यांच्या काळात, ती उतरवली गेली. स्वेटरची मात्र अजून चेष्टा होते. निफाडला पारा घसरला की आम्हीही कपाटातून स्वेटरच काढतो, तेव्हा त्यात हसण्यासारखं काय ते मला समजलेलं नाही. पण लोकांना पॅनेल म्हणजे भविष्य वाटतं आणि स्वेटर म्हणजे गरिबी, हे खरं.

दुसऱ्या सभेत मी प्रश्न बदलला. ‘सोलर की बचत’ असं विचारलंच नाही. फळ्यावर एवढंच लिहिलं : बोअरची मोटर एक तास कमी = एक किलोवॅटहून जास्त पॅनेल. २४ ट्यूब बदलणं = दोन किलोवॅटहून जास्त पॅनेल. मग खाली खर्च. २० वॅटच्या २४ एलईडी बॅटन आणि नवा कंट्रोलर, मजुरी धरून दहा-बारा हजारांत. ट्यूब बदलून आणि मोटरचे दोन तास कमी करून वाचेल तेवढीच वीज पॅनेलमधून काढायची तर साडेचार किलोवॅट, म्हणजे दोन लाखांच्या पुढे. कोणाला जिन्यात चाचपडावं लागणार नव्हतं, कोणी उपदेश करणार नव्हतं. मतदान घ्यायची वेळच आली नाही. काका म्हणाले, ‘अहो, हे आधी का नाही सांगितलं?’ काय सांगणार! आधी मलाच माहीत नव्हतं.

ट्यूब एका शनिवारी बदलून झाल्या. कंट्रोलर बसला. फ्लशचं काम मात्र रेंगाळलं. ज्या घरांत गळती होती त्यातली बहुतेक भाड्याने दिलेली. भाडेकरू म्हणतो मालकाने करावं, मालक मुंबईत, तो म्हणतो सोसायटीने करावं. मतदानाचा हक्क मालकाला, नळ भाडेकरूच्या हातात. शेवटी कमिटीने सगळीकडचे वॉशर सोसायटीच्या खर्चाने बदलले. नियमात बसतं का, असं एकाने विचारलं. बसत नसेल कदाचित.

मामांना एक वही दिली. मोटर किती वाजता चालू, किती वाजता बंद, एवढंच लिहायचं. दोन महिन्यांनी पाच तासांचे तीन झाले. दिव्यांची १५ युनिट सहाच्या खाली आली. रोजची ४५ युनिट २७ वर.

मग सोलर रद्द झालं का? नाही, आणि व्हायला नको होतं. बचतवाल्यांची, म्हणजे त्या चार घरांची, अपेक्षा होती की आता साडेसहा लाख वाचले, विषय संपला. पण उरलेली २७ युनिट कुठून तरी येणारच, आणि ती दगडी कोळशातून येण्यापेक्षा गच्चीवरून आलेली बरी. एक गोष्ट मान्य करायलाच हवी : सोलरची हौस नसती तर विशेष सभा झाली नसती आणि मी क्लॅम्प मीटर घेऊन कधी बसलोही नसतो. नुसत्या ‘वीजबचत’ या विषयावर सभा बोलावली असती तर कोरम भरला नसता. ठराव बदलला. १२ ऐवजी ७ किलोवॅट, अनुदान १,२६,००० रुपये, आणि वर्गणीही घरटी पेलेल एवढी.

यावर खरं भांडण झालं ते गच्चीवरून, विजेवरून नाही. बायकांचा सवाल होता की कुरडया, पापड, सांडगे घालायचे कुठे? एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. १२ किलोवॅटला बाराशे चौरस फूट गेले असते, म्हणजे वाळवणाची जवळजवळ सगळी जागा. पॅनेल उंच खांबांवर घ्यायची सोय असते, पण खर्च वाढतो आणि खाली सावली पडते. सावलीत कुरडई वाळत नाही. सातशे फुटांत ए विंगचा कोपरा पुरला आणि दक्षिणेची उन्हाची बाजू मोकळी राहिली. ज्या वहिनींना उपदेश नको होता त्याच सभेत उठून म्हणाल्या, ‘बचत केली म्हणून आमची गच्ची वाचली.’ बचतीच्या बाजूने आमच्या सोसायटीत झालेलं हे सगळ्यात चांगलं भाषण.

नेट मीटर बसला. दिवसा जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते, रात्री परत येते, बिलात वजावट होते. स्थिर आकार राहतोच, त्यामुळे वेंडरने रंगवलेलं ‘बिल झिरो’ काही आलं नाही. पण रक्कम पाहून कोणी तक्रार केली नाही.

तक्रार आता मला आहे. पॅनेल बसल्यावर महिनाभरात गेटवर शोभेच्या माळा लागल्या, त्या दिवाळीनंतरही उतरल्या नाहीत. कोजागिरीला गच्चीवर हॅलोजन आले. पार्किंगमधले दिवे दुपारी चालू दिसले म्हणून हटकलं, तर उत्तर मिळालं, ‘आता आपली फुकटचीच आहे ना!’ २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत याच माणसांना कोणत्या वारी किती वाजता वीज जाते ते तोंडपाठ होतं आणि पाण्याची बादली आधी भरलेली असायची.

फेब्रुवारीत वॉचमन मामा गावी गेले. बदली माणूस आला, त्याला वहीबद्दल सांगायचं राहून गेलं. परवा गच्चीवर गेलो तर टाकीच्या मागून ओळखीचा आवाज येत होता. ओव्हरफ्लो. कंट्रोलर पाहिला, वायर पुन्हा थेट जोडलेली. बदली माणूस म्हणाला, ‘साहेब, पाणी गेलं की फोन येतात.’ पुढच्या सभेची विषयपत्रिका काढली आहे. पहिला विषय काकांनी सुचवलाय : गच्चीवर आणखी ५ किलोवॅट. दुसरा मी घातलाय : पंपाची वही.